आपलीच भूमिका आपण करायची, तर खरं किती ठेवायचं?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं ग्वाल्हेरची निघाली आणि तिन्ही एकाच विषयाची : आपल्याच जगण्यावर आपणच केलेली फिल्म. बाकीची पत्रं पुढच्या अंकात घेईन. ही पानं या तिघांची.

प्रश्न : ताई, मी बिरलानगरला लाइनीत, म्हणजे गिरणी कामगारांच्या चाळीत राहतो. आजोबा जे. सी. (जियाजीराव कॉटन) मिलच्या विणकाम खात्यात होते. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आम्ही तीन मित्र आणि एक मैत्रीण मिळून फिल्म करतोय, आमच्यावरच. एक मित्र मालनपूरला कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला जातो. दुसऱ्याचं फौजेच्या भरतीच्या मागे वय निघून गेलं. मैत्रीण एका कोचिंगमध्ये रिसेप्शनला बसते आणि बी.एड. करते. आपापली कामं आम्हीच करणार, पण मध्ये एक गोष्ट रचायची आहे : चौघांतला एक जण कोणाला न सांगता शहर सोडून जातो. खरं म्हणजे कोणीच गेलेलं नाही. ज्यांच्याकडे मी एडिटिंग शिकलो ते म्हणतात, ही ना धड डॉक्युमेंट्री ना धड पिक्चर, ही लोकांची फसवणूक आहे. याला डॉक्युफिक्शन म्हणतात असं वाचलं. ही फसवणूक आहे का? खरं किती आणि रचलेलं किती, हे ठरवायचं कसं? — एक वाचक, बिरलानगर, ग्वाल्हेर

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा आजोबांच्या ओळीवर थांबले. माझे बाबा त्याच गिरणीच्या टाइम ऑफिसात होते. आम्ही तेव्हा बिरलानगरशेजारच्या हजिऱ्यातच भाड्याने राहायचो. तुमच्या आजोबांच्या हजेरीच्या कार्डावर कधीतरी बाबांचा हात फिरला असेल, हे मनातून जाईना. तेव्हा उत्तर लांबणार आहे.

आधी नावाचं बघू. खरी माणसं, खऱ्या जागा, त्यांचंच जगणं, आणि त्यात त्या माणसांनी करून दाखवलेली रचलेली गोष्ट, याला डॉक्युफिक्शन म्हणतात. हे काही आजचं खूळ नाही. रॉबर्ट फ्लॅहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा १९२२ चा. माहितीपट शिकवायला सुरुवात करतात ती त्याच्यापासून. त्यातल्या शिकाऱ्याचं नाव नानूक नव्हतं, अल्लाकारियालाक होतं. आत कॅमेरा आणि उजेड जावा म्हणून बर्फाचं घर एका बाजूने उघडं बांधलं होतं. तिथली माणसं तोवर बंदुकीने शिकार करू लागली होती, पण फ्लॅहर्टीला पडद्यावर भाले हवे होते, म्हणून त्यांनी भाले घेतले. तुमच्या सरांना हे जरूर सांगा. रचणं पहिल्यापासून आहे. मला त्यात खुपतं ते एवढंच की, भाल्याचं ठरवलं ते बाहेरून आलेल्या माणसाने.

तुमच्या उपयोगाचा सिनेमा वेगळा आहे : झाँ रूश या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'म्वा, अँ न्वार', १९५८ चा. नायजर देशातली तरुण पोरं कामाच्या शोधात आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरात आलेली, त्रेशव्हिल नावाच्या वस्तीत राहणारी. सकाळी काम मिळालं तर मजुरी, नाही तर भटकणं. रूशने त्यांना सांगितलं, तुमचं आयुष्य तुम्हीच करून दाखवा. त्यांनी नावंसुद्धा स्वतःच घेतली, सिनेमातली. एक झाला एडवर्ड जी. रॉबिन्सन, हॉलिवूडच्या नटाच्या नावाने. रूशचा कॅमेरा चावीचा होता. एक शॉट अर्ध्या मिनिटाच्या आत संपायचा आणि सोबत आवाज नोंदवायची सोय नव्हती. म्हणून चित्रण मुकं झालं, आणि मग पडद्यावर स्वतःला बघत बघत ती पोरं बोलली. कोणी लिहून दिलेलं नव्हतं. रॉबिन्सन झालेला उमारू गांदा फ्रेंच फौजेतून इंडोचायनाच्या लढाईत जाऊन आला होता आणि आता आबिजानला मजुरी करत होता. सिनेमात तो मुष्टियुद्धाचा विजेता होण्याचं स्वप्न बघतो, आणि आपल्याला ती लढत दिसते. तशी लढत झालेली नाही. तरी त्या पोराबद्दल ती जितकं सांगून जाते, तितकं त्याच्या रोजच्या मजुरीचा आकडा सांगू शकला नसता.

आणखी एक. गांदा पुढे स्वतः दिग्दर्शक झाला, आणि इंडोचायनाहून परतलेल्या सैनिकाची गोष्ट त्याने 'काबास्काबो'मध्ये आपल्या हाताने सांगितली. रूशच्या सिनेमात त्याला इतकी मोकळीक होती, तरी त्याला ती पुन्हा, आपल्या पद्धतीने सांगावीशी वाटली. तुम्ही चौघं हे पहिल्याच फटक्यात करताय. तुमच्या पत्राने मला आनंद झाला तो यामुळे.

फसवणूक कशाला म्हणतात ते मी एकदा जवळून पाहिलं आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका बंद गिरणीच्या शहरात (गावाचं नाव लिहीत नाही) मी एका माहितीपटासाठी आवाज नोंदवत होते. एक विशी-बाविशीचा मुलगा आमच्यासोबत फिरायचा, केबल धरायचा, चहा आणायचा. त्याच्या वडिलांची नोकरी गेलेली. शेवटच्या दिवशी दिग्दर्शक त्याला म्हणाले, आज संध्याकाळी जरा त्या गुत्त्यावर बस. तो पीत नव्हता. आम्ही सांगितलं म्हणून बसला, समोर पेला ठेवला तो हातात धरला. शॉट सुंदर आला. मागून गाड्यांचे हॉर्न येत होते, ते मी मोठ्या कसोशीने टाळले. फिल्म टीव्हीवर लागली आणि त्याच्या बहिणीचं जमत आलेलं लग्न त्या अकरा सेकंदांनी मोडलं. मुलाने मला पत्र लिहिलं होतं. त्यात राग नव्हता. 'ताई, तुम्हाला तर माहीत होतं' एवढंच होतं. मी आवाज बघत होते, चित्र माझं नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला माहीत होतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : ज्याचं आयुष्य आहे, त्याच्याबद्दल खोटं रचायचा हक्कही त्याचाच. भरतीवाल्या मित्राने स्वतःहून सांगितलं की मला दारू पिताना दाखवा, मला एका रात्री तशी इच्छा झाली होती, तर दाखवा. तुम्ही त्याला बसवू नका, तुम्ही त्याचे मित्र असलात तरी.

आता तुमची गोष्ट. कोणीच गेलेलं नाही असं तुम्ही लिहिता. पण जावंसं एकदाही वाटलं नाही, असा तुमच्यात कोणी आहे का? चौघांना वेगवेगळं बसवा, बाकीचे तिघं खोलीबाहेर, आणि एकच विचारा : तू न सांगता निघालास, तर कसा निघशील? कोणत्या गाडीने, सोबत काय घेशील, फोन बंद करशील की चालू ठेवशील, पहिला फोन कोणाला? बिरलानगर स्टेशन तुमच्या दारात आहे. ते उत्तर देताना त्या दिशेला बघतील. मग चौघांनी मिळून ती चार उत्तरं ऐका आणि गोष्टीत कोण जाणार ते ठरवा. ती चर्चाही चित्रित करा. माझा अंदाज आहे, तुमच्या फिल्मची सुरुवात तीच होईल.

संवाद लिहू नका. प्रसंग लिहा, एका ओळीत : 'मालनपूरच्या बसमध्ये आहे, आज परत पाठवलं, घरी फोन करायचाय.' पुढचं तो बोलेल. एकदा करून बघा, जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी करा. त्याच दिवशी पाच वेळा करून घेतलं तर पाचव्यांदा तो सिनेमातल्यासारखं बोलायला लागतो. भाषाही धुऊन घेऊ नका. तुम्ही घरी मराठी, लाइनीत हिंदी, आणि मित्र भिंडकडचा असेल तर त्याची बोली आणखी तिसरीच. पुण्याच्या प्रेक्षकांना कळावं म्हणून सगळ्यांना मराठीत बोलायला लावलंत तर ग्वाल्हेर तिथेच संपलं. खाली अक्षरं द्या, झालं.

गिरणीबद्दल मात्र माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. पडक्या भिंती, गंजलेलं फाटक, कुलूप यांना संपूर्ण फिल्ममध्ये तीन मिनिटांच्या वर देऊ नका. जे. सी. मिल १९२१ ची, बिरलांची. नव्वदच्या दशकात बंद पडली. ग्रासिम आज मोठं नाव आहे, तीही मुळात ग्वालियर रेयॉन, १९४७ मध्ये आपल्या शहरात उभी राहिलेली. माझ्या तरुणपणी परगावी 'मी ग्वाल्हेरची' म्हटलं की समोरचा पतौडींची 'ग्वालियर सूटिंग'ची जाहिरात आठवायचा. ते सगळं गेल्याचं दुःख माझ्या पिढीचं आहे, तुमच्या आजोबांचं आहे. तुम्ही चौघं जन्मलात तेव्हा ते फाटक बंदच होतं. चालू गिरणी तुम्ही पाहिलेली नाही, तिचा वास तुमच्या घरातल्या कपड्यांना कधी आला नाही. तुमच्यासाठी ती एक भिंत आहे, जिच्या कडेने तुम्ही शाळेत गेलात. तसंच दाखवा. कॅमेरा पडक्या भिंतीवर रेंगाळला की ती फिल्म आमची होते.

तुमच्या वाट्याला आलं ते दुसरं आहे, आणि ते अजून फारसं कोणी दाखवलेलं नाही. भरतीवाला मित्र घ्या. आपल्या भागात पहाटे चारला रस्त्याच्या कडेने पोरं धावताना कोणी पाहिली नाहीत? कोविडमुळे दोन वर्षं भरतीचे मेळावे बंद राहिले. मग जून २०२२ मध्ये अग्निपथ आलं : चार वर्षांची नोकरी, भरती झालेल्यांपैकी फार तर चौथा हिस्सा पुढे कायम, वयाची अट साडेसतरा ते एकवीस, त्या एका वर्षापुरती तेवीसपर्यंत वाढवलेली. त्याच महिन्यात अग्निपथवर चिडलेल्या पोरांनी बिरलानगर स्टेशनात तोडफोड केली, ती तुम्ही डोळ्यांनी पाहिली असेल. हे आकडे फिल्ममध्ये कोणी निवेदनात वाचून दाखवू नका. मित्राला विचारा, तू कितव्या वर्षी काय करत होतास. तो बोटं मोजत सांगेल. आणि मग त्याला विचारा, तुझी धाव करून बघायची का? जी धावायची संधीच आली नाही ती, सोळाशे मीटर, छातीला नंबर लावून, एखाद्या खऱ्या मैदानावर. मैत्रीण घड्याळ लावेल, तुम्ही चित्रण कराल. वेळ किती लागली ती खरी सांगा, कमी करू नका. हा प्रसंग रचलेला आहे, आणि तुमच्या फिल्ममध्ये याच्याहून खरं काही असेल असं मला वाटत नाही. पण तो 'नको' म्हणाला तर विषय तिथेच सोडा. कारण विचारू नका.

काय रचू नये तेही सांगते, कारण इथे मी हट्टी आहे. भेटी, क्रम, निघून जाणं, स्वप्नं, भांडणं, हे सगळं रचा. पगाराचा आकडा, कामावरचा अपघात, आजार, मृत्यू हे रचू नका. चाळीत कोणी गळफास घेतल्याचं दाखवून फिल्म संपवण्याचा मोह अशा विषयात सगळ्यांना होतो. तुमच्या लाइनीत असं खरंच घडलेलं घर असेल, तर ते घर तुमची फिल्म बघायला येणार आहे. सुरुवातीला दोन ओळींची पाटी टाका : यातली माणसं स्वतःच्या नावाने आहेत, काही प्रसंग त्यांनी रचले आहेत. कोणते, ते सांगायची गरज नाही. तुमच्या सरांचा आक्षेप तेवढ्याने मिटावा.

ठेकेदाराकडच्या मित्राला कारखान्यात नेऊन चोरून चित्रण करू नका. त्याचा गेटपास, कपड्यावरचं नाव, सुपरवायझरचा आवाज यातलं काहीही आलं तर सोमवारी त्याला आत घेणार नाहीत, आणि ठेकेदारीत कारणही कोणी सांगत नाही. बस पुरेशी आहे. जातानाची बस आणि येतानाची बस, चेहऱ्यांत फरक असतो.

प्रश्न : माझी मुलगी अशाच एका फिल्ममध्ये स्वतःच्या नावाने काम करते आहे. त्यात ती नोकरीवरून आईशी भांडते असं आहे, आणि आई म्हणून मलाच उभं राहा म्हणतात. आमचं असं भांडण कधी झालेलं नाही. मुलीच्या आग्रहाखातर मी हो म्हटलं, पण रात्री झोप लागत नाही. नातेवाईक बघतील. नाही म्हणावं का? — एक आई, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : तुमची मुलगी म्हणजे वरच्या पत्रातली मैत्रीण का, हे मी विचारत नाही. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आज आहे आणि चित्रण झाल्यावरही आहे. हे मुलांकडून कागदावर लिहून घ्या : जुळवलेली फिल्म बाहेर दाखवण्याआधी आम्हाला दाखवू आणि तुम्ही नको म्हटलेला प्रसंग काढू. मुलं चांगली असतील तर सही करताना त्यांना वाईट वाटणार नाही. रूशनेच एदगार मोरँबरोबर १९६१ मध्ये पॅरिसच्या लोकांवर एक फिल्म केली. त्यात त्यांनी चित्रित झालेलं त्या लोकांना दाखवलं, आणि ते बघून ती माणसं आपापसांत जे बोलली, एकमेकांना खोटं ठरवलं, तेही फिल्मच्या शेवटी ठेवलं.

नावाची भीती असेल तर नाव बदला. आबिजानचा तो मुलगा सिनेमातलं नाव घेऊन वावरला, त्याचं काही कमी झालं नाही.

पण बाई, एक विचारू? भांडण कधी झालं नाही, की होता होता राहिलं? मुलगी उशिरा आली, तुम्ही काही बोलला नाहीत, ताट वाढलंत आणि ती न बोलता जेवली, असं कधी झालं असेल तर मुलांना सांगा की भांडण नको, हे करू. मला वाटतं, झोप त्यामुळेही लागत नसेल. तुमचं तुम्ही ठरवा. मी दुरून बोलते आहे.

प्रश्न : आमच्या फिल्मसाठी गिरणीचा भोंगा हवा आहे. इंटरनेटवर कारखान्यांचे सायरन फुकट मिळतात. त्यातला एखादा लावला तर चालेल का? कोणाला काय कळणार? — एक वाचक, हजिरा, ग्वाल्हेर

उत्तर : हजिऱ्यात साठीच्या पुढचा प्रत्येक माणूस ओळखेल. ज्या वस्तीने आयुष्य त्या आवाजावर लावलं, तिला दुसरीकडचा भोंगा ऐकवू नका.

आपल्या हजिऱ्याला एका अंगाला तानसेनची समाधी आहे, डिसेंबरात देशभरातून गायक तिथे येऊन गातात. त्या सुरांची ध्वनिमुद्रणं ढीगभर आहेत. भोंग्याचं नीट केलेलं एकही मी ऐकलेलं नाही. मीसुद्धा केलं नाही. हातात यंत्र आलं तेव्हा मी मुंबईत होते आणि तो रोजचाच होता.

असं करा. म्हाताऱ्या माणसांकडे जा आणि तोंडाने काढून दाखवा म्हणा. मोबाइल चालेल, पण चार-सहाशे रुपयांचा कॉलरला लावायचा माइक घ्या, पंखा बंद करा, आणि बोलणं सुरू होण्याआधी त्या खोलीची नुसती शांतता एक मिनिट नोंदवा; जोडणीत ती सोन्यासारखी उपयोगी पडते. एक जण लांब काढेल, एक जण दोन तुकड्यांत, एक जण लाजेल. कोणाचं बरोबर याच्या भानगडीत पडू नका, सगळे ठेवा.

मी हे आईकडे करून पाहिलं, मागच्या थंडीत. ती पंच्याऐंशीची आहे. म्हटलं, आई, पाळी सुटल्याचा भोंगा कसा होता ग? तिने काही केल्या काढून दाखवला नाही. म्हणाली, "मी कुठे ऐकत बसले होते? तो झाला की आधण ठेवायचं. तुझे बाबा फाटकापासून घरी येईतो चहा व्हायला हवा." मग म्हणाली, स्टोव्हला बारा पंप लागायचे, तेरावा मारला तर भडकायचा. आणि हवेत हात वरखाली करून तिने ते बारा मोजून दाखवले.

स्टोव्ह जुन्या बाजारात अजून मिळतो. तुम्ही भोंग्याच्या जागी तो लावलात, तरी मला चालेल.